मागील शिल्लक नसलेली वही

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले नसते, तर श्रीवर्धनच्या माझ्या माहेरी, माळ्यावरच्या जुन्या कणग्यांच्या आडोशाला, तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधून ठेवलेल्या आजोबांच्या वह्या उघडण्याचा प्रसंग माझ्या हयातीत आला असता की नाही, याची मला शंकाच आहे. त्या दिवशी वाऱ्याने ओटीवरची कौले एकामागून एक उचलून भिरकावली, वाडीतल्या पोफळी काही मुळासकट उपटून तर काही कमरेत मोडून एकमेकींवर आडव्या झाल्या, माड पडले, विजेचे खांब पडले, आणि घरावरचे आच्छादन गेल्यावर पाऊस थेट माळ्यावर उतरला. टाळेबंदीमुळे मी तेव्हा पुण्यात अडकून पडले होते. दादाचा फोन लागला तोच चौथ्या दिवशी, झाडांची हानी सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आणि अण्णांच्या वह्या भिजल्या गं." पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली वाडी भुईसपाट झाली असताना कागदांचे दुःख बोलून दाखवावे की नाही, असा संकोच त्या थांबण्यात होता, आणि तो मला आजही आठवतो.

मी श्रीवर्धनला पोहोचले तेव्हा वहिनीने पडवीत दोऱ्या बांधून वह्या त्यांवर वाळत घातल्या होत्या. आमचे आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, त्यांची ही रोजकीर्द. वाचता येण्याजोगी सर्वांत जुनी वही शके १८५५ची, म्हणजे १९३३ सालची होती. तेव्हा श्रीवर्धन जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होते, आणि ते संस्थान विलीन व्हायला अजून पंधरा वर्षे अवकाश होता. सारा मजकूर मोडीत. रोठा सुपारीची तोडणी, सोलणी, वाळवण, व्यापाऱ्याला वजनाने घातलेला माल, शिंपण्याची मजुरी, रहाटाच्या बैलाची पेंड, सोमजादेवीच्या उत्सवाची वर्गणी, असा एका वाडीचा आणि त्या वाडीवर जगणाऱ्या माणसांचा दिवसवार तपशील त्या लांबट पानांवर नांदत होता. रोजकीर्दीचा शिरस्ता असा, की प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री' लिहावे, खाली मिती घालावी, मागील शिल्लक जमेस धरावी, मग त्या दिवसाची जमा, मग खर्च, आणि शेवटी बाकी काढून ती पुढच्या पानावर ओढावी. प्रत्येक पान मागल्या पानाच्या आधाराने उभे राहते. मागले पान हाती नसेल तर आजच्या पानाचा मेळ लागत नाही. ही गोष्ट मी येथे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडले त्याचे सारे मर्म तीत आहे.

वह्यांचे देवनागरीत लिप्यंतर करण्याचे आम्ही ठरवले. दादाच्या मुलीने मोडीचा अभ्यास केला होता, शेजारच्या आळीतला एक तरुण संगणकाचे शिक्षण घेऊन घरी परतला होता, आणि माझ्या गाठीशी पुण्यातल्या नोकरीत संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याची बावीस वर्षे होती. मोडी वाचताना एकाला 'पेंड' दिसते तेथे दुसऱ्याला 'पेढ' दिसते. आज केलेले वाचन उद्या बदलते, परवा पुन्हा पहिले बरोबर ठरते. कोणी, केव्हा, कोणते अक्षर कसे वाचले आणि ते का बदलले, याचा दाखला राहिला नाही तर तिघांच्या कामाचा गोंधळ होणार, हे उघड होते. असा दाखला ठेवण्यासाठी संगणकाच्या धंद्यात जे साधन सर्रास वापरतात, ते 'गिट' मी या कामी योजले. त्याला इंटरनेटची गरज नाही, सारा इतिहास आपल्याच संगणकावर राहतो, आणि वीज कधी असे कधी नसे अशा त्या दिवसांत हा गुण लहान नव्हता.

गिटची उत्पत्तीही एका आधाराच्या अभावातून झाली. लिनक्सच्या निर्मितीत हजारो माणसांनी पाठवलेल्या दुरुस्त्यांचा मेळ घालण्यासाठी 'बिटकीपर' नावाचे एका कंपनीचे साधन वापरले जात होते. २००५ साली त्याचा विनामूल्य वापर बंद झाला, तेव्हा लिनस टोर्वाल्ड्स यांनी एप्रिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच नवे साधन लिहायला घेतले, आणि ७ एप्रिल रोजी गिटची पहिली नोंद त्यांनी गिटमध्येच केली. त्याच वर्षी त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली, आणि तेव्हापासून ती त्यांनी चालवली आहे. गिटची पहिली सोडून प्रत्येक नोंद, जिला 'कमिट' म्हणतात, आपल्या आधीच्या नोंदीचा हवाला स्वतःत बाळगते. तो हवाला धरून मागे मागे जात गेले की आरंभापर्यंत पोहोचता येते. अण्णांची रोजकीर्द आणि हे साधन या दोहोंच्या रचनेतले साम्य मला पहिल्याच दिवशी जाणवले, आणि त्या आनंदात मी एक गोष्ट विसरले. इतकी वर्षे मी जेथे जेथे काम केले, तेथे माझ्या आधीच कोणीतरी वही उघडून ठेवलेली असे. अगदी कोऱ्या वहीपासून, मुलांना हाताशी धरून, आरंभ करण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती.

आम्ही 'गिट इनिट' ही आज्ञा दिली. तिने 'डॉट गिट' नावाचा एक लपलेला फोल्डर निर्माण केला. नवशिक्यांना साधनाच्या आत पाहू द्यावे असे मला वाटते, म्हणून मी भाचीला तो उघडून दाखवला. त्यात 'हेड' नावाची एक छोटी फाइल असते, आणि तिच्यात एकच ओळ: सध्याची शाखा म्हणजे अमुक ठिकाणची 'मास्टर'. भाचीने ते अमुक ठिकाण उघडून पाहिले. तेथे काहीच नव्हते. शाखा ठेवण्याची जागा होती, शाखा नव्हती. तिने मग 'गिट लॉग', म्हणजे आजवरच्या नोंदी दाखव, अशी आज्ञा दिली, आणि पडद्यावर 'फेटल' हा शब्द उमटला. तुमच्या सध्याच्या शाखेवर अद्याप एकही नोंद नाही, एवढाच त्या वाक्याचा भावार्थ. पण 'प्राणघातक' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत समोर आल्यावर माणसाचा हात थबकतो. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, काही बिघडलं का गं माझ्याकडून?"

काहीही बिघडले नव्हते. परंतु तिचे समाधान करताना माझ्या ध्यानात आले, की तिने पुढे दिलेल्या प्रत्येक साध्या आज्ञेचे उत्तर वेगळ्याच सुराचे येत आहे. 'स्टेटस' विचारले तर, तुम्ही मास्टर शाखेवर आहात आणि नोंद एकही नाही, असे शांत उत्तर. 'ब्रँच' म्हणून शाखांची यादी मागितली तर निःशब्द शांतता, एक अक्षर नाही. म्हणजे एका आज्ञेच्या मते आपण ज्या शाखेवर उभे आहोत, ती दुसरीच्या मते अस्तित्वातच नाही. नवी शाखा काढायला जावे तर, मास्टर हे काही वैध नाव नव्हे, असे सांगून गिट नकार देते. आणि तीच नवी शाखा 'चेकआउट'च्या मार्गाने काढली तर मुकाट्याने मान्य करते, पण मग मास्टर हे नाव मागे खूण न ठेवता नाहीसे होते. फाइल नोंदीसाठी पुढे ठेवण्याची आज्ञा 'ॲड'. ती दिल्यावर 'डिफ' विचारले तर फरक काहीच नाही. पुढे ठेवलेल्या मजकुरापुरता 'डिफ' विचारला तर सारी फाइल नवी म्हणून समोर येते. आणि 'हेड'शी तुलना करून 'डिफ' मागितला तर पुन्हा तोच 'फेटल'.

या अवस्थेला गिटच्या परिभाषेत 'अनबॉर्न ब्रँच' म्हणतात. मी मुलांसाठी 'अजात शाखा' असा शब्द केला. नाव ठरले आहे, जन्म व्हायचा आहे. आपल्याकडे घराण्याच्या वंशावळीत सर्वांत वर जो मूळपुरुष लिहिलेला असतो, त्यालाही वडील होतेच. पण कागदापुरता त्याच्यावर कोणी नाही. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ, ज्यांना छत्रपती शाहू महाराजांनी १७१३ साली पेशवेपद दिले, त्यांच्यापासून या घराण्यातल्या पेशव्यांचा अनुक्रम लागतो. त्यांच्या आधी घराण्यात देशमुखी होती, कर्तबगार माणसे होती, पण पेशव्यांच्या त्या अनुक्रमात 'बाळाजींच्या मागले कोण' असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी म्हण आहे. संगणकाच्या बहुतेक आज्ञांना मात्र मूळ शोधण्याची सवयच असते. 'मागल्या नोंदीशी तुलना कर', 'मागल्या नोंदीवर परत जा', 'मागल्या नोंदीतून फांदी काढ' अशा प्रत्येक आज्ञेच्या पोटात 'मागील' हा शब्द दडलेला आहे. ज्या वहीला मागील पान नाही, तेथे त्या आज्ञांनी काय करावे? काही नकार देतात, काही गप्प राहतात, आणि काही 'मागील काही नाही, म्हणजे मागील सारे रिकामे' असा अर्थ लावून कामाला लागतात. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी सयुक्तिक आहेत. परंतु तिन्ही एकाच सकाळी, एकाच नवशिक्यापुढे येतात, आणि हे विसंगत वाटणारे वर्तन एकाच अभावाची तीन रूपे आहेत, हे त्याला सांगणारे कोणी जवळ नसते.

आणखी एक अडचण आमच्या भाषेची होती. भाचीने फाइलींना मराठी नावे दिली होती, आणि ते मला मनापासून आवडले होते. पण 'स्टेटस'च्या यादीत ती नावे दिसेनात. त्यांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकड्यांच्या रांगा आल्या. 'श्रीवर्धन'मधला 'श' ३४०, २४४, २६६ अशा तीन आकड्यांत विरघळून गेला होता. गिट साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची अक्षरे मूळ स्थितीत न दाखवता त्यांच्या बाइटांचे अष्टमान आकडे दाखवते. फाइलींना इजा झालेली नसते, आणि 'कोअर कोटपाथ' नावाची एक मांडणी बंद केली की देवनागरी जशीच्या तशी दिसू लागते. एका ओळीचा उपाय आहे. तरीही आपल्या आजोबांच्या गावाचे नाव आकड्यांत मोडलेले पाहून त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आले, ते मी विसरले नाही; साधन आपल्यासाठी नाहीच, असे वाटायला एवढेही पुरते.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. मुलांची इच्छा अशी, की शके १८५५ची वही पूर्ण झाल्यावरच पहिली नोंद करावी. अपुऱ्या कामाची नोंद काय करायची! त्यांच्या या सचोटीला मी हरकत घेतली नाही, आणि माझी चूक तेथे झाली. नऊ दिवसांत ६३ पाने लिहून झाली, ती 'ॲड'ने पुढे ठेवली, दुरुस्त झाली तशी पुन्हा पुन्हा पुढे ठेवली, पण कमिट एकही नव्हते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर सारा हिशेब कच्च्या खर्ड्यावर होता, पक्क्या वहीत एक ओळ चढलेली नव्हती.

दहाव्या दिवशी संध्याकाळी त्या तरुणाच्या लक्षात आले, की पानांच्या छायाचित्रांचा जड फोल्डरही चुकून पुढे ठेवला गेला आहे. तो मागे घ्यावा म्हणून त्याने, आधीच्या शिक्षणात शिकल्याप्रमाणे, 'हेड'चे नाव घेऊन 'रिसेट' दिला. 'हेड' म्हणजे काय ते कळत नाही, असे उत्तर आले. 'स्टेटस'च्या यादीत गिटने स्वतःच दुसरा मार्ग लिहून दिलेला होता. एकही नोंद नसलेल्या भांडारात ते 'आरएम कॅश्ड' वापरा असे सुचवते, आणि त्याने फाइल जागेवर राहून केवळ पुढे ठेवलेल्यांच्या यादीतून मागे येते. पण 'आरएम' म्हणजे काढून टाकणे, ही अक्षरे पाहून तो बिचकला. फाइल पुसली जाईल अशी त्याला भीती वाटली. म्हणून, आपल्या समजुतीप्रमाणे अधिक सुरक्षित मार्ग धरण्यासाठी, त्याने 'रिसेट हार्ड' ही आज्ञा दिली: जे काही पुढे ठेवले आहे ते सोडून दे आणि मागल्या नोंदीची स्थिती पूर्ववत कर.

मागली नोंद नव्हती. 'हेड'चे नाव घेतल्यावर क्षणापूर्वी नकार देणारे साधन, नाव न घेता दिलेली ही आज्ञा मात्र निमूट पाळायला तयार झाले. 'मागील काही नाही' याचा अर्थ त्याने 'मागील स्थिती रिकामी' असा घेतला, आणि ती रिकामी स्थिती इमानाने पूर्ववत केली. पुढे ठेवलेली प्रत्येक फाइल, त्रेसष्टच्या त्रेसष्ट पाने आणि छायाचित्रे, फोल्डरमधून नाहीशी झाली. एरवी या आज्ञेनंतर गिट कोणत्या नोंदीवर आलो ते सांगते. येथे सांगण्यासारखी नोंदच नसल्यामुळे एक अक्षरही उमटले नाही. तो तरुण काही वेळ रिकाम्या फोल्डरकडे पाहत बसला, आणि मग ओटीवर येऊन खालमानेने म्हणाला, "ताई, माझ्या हातून सगळं गेलं." त्याच्या आवाजात मला वादळानंतरच्या फोनमधला दादाचा आवाज ऐकू आला.

मी त्याला प्रथम एवढेच सांगितले, की संगणकावर आता काहीही लिहू नकोस, आणि हे तुझ्यामुळे झालेले नाही. दोन्ही गोष्टी मनापासून सांगितल्या. गिट 'ॲड'च्या क्षणीच फाइलीतला मजकूर आपल्या 'ऑब्जेक्ट्स' नावाच्या कोठारात उतरवून ठेवते. मजकुरावरूनच काढलेले चाळीस अक्षरांचे एक चिन्ह हेच तेथे त्याचे नाव असते. 'रिसेट'ने फोल्डर आणि पुढे ठेवलेल्यांची यादी रिकामी केली होती, पण कोठाराला हात लावला नव्हता. कोणत्याही नोंदीचा आधार नसलेल्या अशा निराधार वस्तू गिट लगेच फेकत नाही. मूळ मांडणीत त्यांना दोन आठवड्यांची मुदत असते. कोठाराची झडती घेण्यासाठी 'एफएससीके' नावाची आज्ञा आहे. ती 'लॉस्ट फाउंड' या पुस्तीसह दिली, तेव्हा पहिल्याच ओळीत गिटने कबुली दिली, की 'हेड' एका अजात शाखेकडे बोट दाखवत आहे. तो शब्द गिटने स्वतःहून उच्चारल्याचे मुलांनी प्रथमच पाहिले. त्याखाली 'डँगलिंग ब्लॉब', 'डँगलिंग ब्लॉब' असे लिहिलेल्या ओळींची रांग लागली. लोंबकळते, निराधार मजकूर. पण होते. सारे होते.

नावे मात्र गेली होती. फाइलीचे नाव गिट मजकुरासोबत ठेवत नाही, ते यादीत ठेवते, आणि यादी रिकामी झाली होती. छायाचित्रे बाजूला काढल्यावर ७९ मजकूर उरले. पाने ६३, म्हणजे काहींच्या दुरुस्तीपूर्वीच्या प्रतीही त्यांत होत्या. वीज नव्हती, लॅपटॉपची बॅटरी अर्धी होती, वहिनीने कंदील आणून ठेवला. भाची एक एक मजकूर उघडून पहिली ओळ वाचू लागली: "श्री. मिती कार्तिक शुद्ध प्रतिपदा." "श्री. मिती कार्तिक शुद्ध द्वितीया." अण्णांनी प्रत्येक पानाच्या माथ्यावर मिती घातली होती, आणि मुलांनी लिप्यंतर करताना ती गाळली नव्हती, त्या एका शिरस्त्याने निनावी झालेली पाने आपापल्या जागी परत आली. जेथे एकाच मितीच्या दोन प्रती निघाल्या तेथे कोठारातल्या फाइलीची वेळ पाहून नंतरची घेतली. रात्री साडेअकराच्या सुमारास शेवटचे पान रुजू झाले. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी, वाडीचे काम आटोपून, समईच्या उजेडात बोरूने मिती लिहिणाऱ्या त्या माणसाचे उपकार आम्हा तिघांनाही त्या रात्री एकाच वेळी जाणवले असावेत. कारण बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर आम्ही लगेच पहिले कमिट केले. गडबडीत तपशिलाच्या ओळीत एक शब्द चुकला, आणि 'मागल्या नोंदीवर परत जाऊ' म्हणून भाचीने प्रयत्न केला, तो फसला. पहिल्या नोंदीला मागली नोंद नाही. चुकलेला शब्द सुधारायचा तर 'अमेंड' पुरे होते, आणि नोंदच रद्द करून कामातल्या फाइली जशाच्या तशा ठेवायच्या तर 'हेड'चा संदर्भ पुसण्याची स्वतंत्र आज्ञा आहे, हे मी तिला दाखवले. या खेपेस तिने "बिघडलं का" असे विचारले नाही. तिने विचारले, "मूळपुरुषाच्या मागे कोणी नाही, म्हणून ना?"

आठवड्याभराने वीज आणि इंटरनेट सुरळीत झाल्यावर आणखी एक गाठ पडली. कामाची एक प्रत गावाबाहेर असावी म्हणून तरुणाने जालावर एक भांडार उघडले आणि उघडताना परिचयाची एक फाइल तेथेच तयार करून घेतली. आमची प्रत तिकडे पाठवताना प्रथम नावाचा तंटा निघाला. आमच्या संगणकावरील शाखा 'मास्टर', तिकडची 'मेन'. गिटने जुलै २०२०च्या २.२८ आवृत्तीत पहिल्या शाखेचे नाव ठरवण्याची मुभा दिली, आणि जालावर अशी भांडारे सांभाळणाऱ्या गिटहबने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांसाठी 'मेन' हे नाव स्वीकारले, त्यामुळे त्या संक्रमणाच्या काळात उघडलेल्या पुष्कळ वह्यांची नावे अशी दुहेरी झाली. नाव जुळवल्यावर खरी अडचण पुढे आली. दोन्हीकडचे मीलन करायला गेलो, तर असंबद्ध इतिहासांचे मीलन करणार नाही, असा स्पष्ट नकार मिळाला. परिचयाच्या त्या एका फाइलीने तिकडे एक स्वतंत्र आरंभ करून ठेवला होता. एका कामाचे दोन मूळपुरुष झाले होते.

हा नकार गिटने जून २०१६च्या २.९ आवृत्तीपासून देण्यास आरंभ केला, आणि तो मला विवेकी वाटतो. परकी वही आपल्या वहीत चुकून मिसळू नये, एवढाच त्याचा हेतू आहे. जाणूनबुजून मिसळायचे असेल तर तसे स्पष्ट सांगून परवानगी घेता येते. खुद्द गिटच्या इतिहासात असे घडले आहे: पॉल मॅकेरास यांचे 'गिटके' हे स्वतंत्रपणे वाढलेले साधन २००५ सालीच टोर्वाल्ड्स यांनी त्याच्या साऱ्या इतिहासासह गिटमध्ये मिळवून घेतले, आणि म्हणून गिटच्या वंशावळीला एकाहून अधिक मुळे आहेत. मी मुलांना दोन्ही वाटा सांगितल्या. त्यांनी तिकडचे भांडार पुसून ते रिकामेच उघडले आणि आपली वही त्यात उतरवली. आरंभ एकच असावा, आणि तो श्रीवर्धनात असावा, असे त्यांना वाटले.

या साऱ्या अनुभवाने मला माझ्याच कामाविषयी एक गोष्ट शिकवली. आम्ही अनुभवी माणसे नवशिक्याला सांगतो, की आरंभ सोपा आहे, अवघड ते पुढे येईल. वस्तुस्थिती उलट आहे. साधनाचे सर्वांत विचित्र वर्तन कोऱ्या पानावर असते, आणि कोऱ्या पानावर उभा असतो तो सर्वांत अननुभवी माणूस. जाणत्याला त्या जागेची आठवण राहत नाही, कारण तो तेथून फार पूर्वी निघून गेलेला असतो. म्हणून जाणत्याचे पहिले कर्तव्य माझ्या मते हे आहे, की नवशिक्याला आज्ञा शिकवण्याआधी त्याच्या पायाखाली एक नोंद घालून द्यावी.

तशी सोय गिटमध्ये आहे. एकही फाइल नसताना रिकामी नोंद करण्याची मुभा 'अलाउ एम्प्टी' या पुस्तीने मिळते. अशी एक रिकामी नोंद आरंभी केली, की शाखा जन्माला येते, यादीत दिसते, तिच्यातून फांदी निघते. तुलनेला मागील स्थिती मिळते. आणि कामाची खरी पहिली नोंद चुकली तर परत जायला एक पायरी राहते. 'रिसेट हार्ड' त्यानंतरही नोंद न झालेले काम पुसतेच, त्यापासून ही पायरी वाचवत नाही. त्यासाठी रोजच्या रोज नोंद करण्याला पर्याय नाही, आणि आम्ही आता दर पानाला नोंद करतो. परंतु 'मागील' या शब्दावर अवलंबून असलेल्या साऱ्या आज्ञा त्या एका रिकाम्या नोंदीने सरळ वागू लागतात.

त्या नोंदीच्या तपशिलात काय लिहावे, हा प्रश्न आमच्यापुढे आला, तेव्हा भाचीने शके १८५५च्या वहीचे पहिले पान काढून आणले. ते पान आम्ही लिप्यंतराच्या घाईत कोरे समजून सोडून दिले होते. कोरे ते नव्हते. वरच्या बाजूला हळदकुंकवाचा फिकट डाग होता आणि मधोमध, बोरूच्या जाड टोकाने, एकच अक्षर काढलेले होते: श्री. हिशेब दुसऱ्या पानापासून सुरू होत होता. त्या दुसऱ्या पानाला मागे पाहायला एक पान होते.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला भाचीने नवी वही उघडली. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी दादाने लावलेल्या रोपांची ती नोंद आहे: कोणत्या ओळीत किती रोपे, केव्हा लावली, कोणती जगली. तिने वहीची पूजा व्हावी तशी लॅपटॉपला हळदकुंकू वाहून 'गिट इनिट' दिले आणि लगोलग रिकामी नोंद केली. दादा मागे उभा राहून पाहत होता. पडद्यावर एकच ओळ होती. सवयीने त्याने विचारले, "मागची शिल्लक किती धरलीस?"

"शिल्लक नाही बाबा," ती म्हणाली, "पण श्री आहे." आणि ती पहिल्या ओळीतली रोपे मोजायला वाडीत उतरली.